मालसुनच्या पायाखालची जमीन

मालसुनच्या आईला ओळीनं पाच मुली झाल्या. पाचवीचं नाव मालसुन ठेवलं, म्हणजे आता मुली पुरे. आपल्याकडच्या भाषेत सांगायचं तर नकुशी. त्यानंतरही मुलगीच झाली, तेव्हा नाव फुकटच गेलं. मालसुन हे सांगताना स्वतःच खदखदून हसायची. मला त्यात हसण्यासारखं कधी काही दिसलं नाही.

चॉरवॉन गावातल्या आमच्या खानावळीत ती वाढायला होती आणि मी स्वयंपाकात. बैलाच्या हाडांचं सूप, भात, मुळ्याचं आंबवलेलं लोणचं, किमची, एवढंच मिळायचं. इथली थंडी अशी की बाहेर वाळत टाकलेलं फडकं मोडून हातात येतं. गिऱ्हाईक यायचं ते सुपासाठी कमी आणि जमिनीसाठी जास्त. दारात बूट काढायचे, बुटक्या मेजाशी मांडी घालून बसायचं आणि बुडाखालून ऊब चढू द्यायची. फरशीखाली नळ्या, नळ्यांतून बॉयलरचं गरम पाणी. ते कमीजास्त करायचं बटण भिंतीवर होतं, आणि ते मालसुनशिवाय कुणी फिरवायचं नाही.

सकाळी ती मोजे काढून अनवाणी एक फेरी मारायची. "दाराजवळ जरा कमी आहे," म्हणायची, बटण फिरवायची, आणि गिऱ्हाईक आत येईपर्यंत जमीन हवी तशी व्हायची. नवरा गेला होता, मुलगा बुसानला जाऊन तिकडचाच झाला होता. सगळे तिला मावशी म्हणायचे, मी तेवढी ताई, ही खानावळच तिचं घर होतं. रक्तात साखर होती. गोळी आठवली तर घ्यायची, गोड कॉफी मात्र कधी विसरली नाही.

त्या हिवाळ्यात तिनं धोशा लावला, "जमीन गार पडलीय."

मालक शिन यांनी बॉयलरवाल्याला बोलावलं. त्यानं सगळं उघडून पाहिलं, म्हणाला, "झकास चाललाय."

"झकास? तुझे कान गोठलेत की अक्कल?" मालसुन म्हणाली. तो गेल्यावर तिनं बटण वर केलं. दुसऱ्या दिवशी आणखी वर.

एक म्हातारे गृहस्थ बसल्या बसल्या ताडकन उठले. "मावशी, आम्ही जेवायला आलोय, भाजून घ्यायला नाही!"

"आजोबा, तुमचं बूड नाजूक झालंय. पूर्वी असे नव्हतात."

सगळे हसले. शिन हसले नाहीत. त्यांनी तिला स्वयंपाकघराच्या दाराशी गाठलं.

"मावशी, आणखी एक तक्रार आली तर ही जमीन बंद. टेबलं-खुर्च्या आणतो. तरण्या पोरांना तेच हवंय."

"मग मी काय करू?"

"तुमचंही वय झालं की आता."

ती फडकं घेऊन मेजं पुसायला गेली. माझ्या मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस तिच्या हातचं वाढलेलं खात लहानाचा मोठा झाला होता.

तेव्हापासून ती बटणाला हात लावताना घाबरायची, आणि तरी लावायची. आता सकाळची फेरी दोनदा मारायची. मला हळूच विचारायची, "तू सांग गं, आहे का गरम?" मी म्हणायची, "ताई, चांगली गरम आहे." ती माझ्याकडे अशी बघायची, जणू मीही शिनला सामील झालेय. दुपारची गर्दी ओसरली की ती भिंतीशी जाऊन बसायची. तिथून नळ्या आत शिरायच्या, ती जागा सगळ्यांत तापायची. गुडघे उभे करून, पायाचे तळवे फरशीला टेकवून बसायची. म्हणायची, "इथं तरी काहीतरी असेल."

असंच एकदा बसल्या बसल्या तिचा डोळा लागला होता. मी कॉफी द्यायला वाकले तर मोज्याच्या टाचेशी ओला, पिवळट डाग दिसला. सूप सांडलं असेल म्हणून मी मोजा ओढला. मोज्याबरोबर कातडंही आलं.

मालसुन जागी झाली. "काय करतेस गं, गुदगुल्या करतेस की काय?" म्हणाली. गुदगुल्याही तिला होत नव्हत्या, मोजा ओढताना नडगीला बसलेला हिसका फक्त कळला होता. मी किंचाळले. शिन धावत आले, पाय बघितला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. सगळा हिवाळा आम्ही बॉयलर तपासला, बटण तपासलं, म्हातारीचं डोकं ठिकाणावर आहे का तेही तपासलं. तिचा पाय कुणी हातात घेतला नव्हता.

शिननीच गाडी काढली. वाटेत ती त्यांना विनवत होती, "मालक, मोजाच जुना होता. जमिनीला नावं ठेवू नका. खुर्च्या नका आणू."

"नाही आणत, मावशी. तुम्ही गप्प बसा."

इस्पितळातली डॉक्टर लहान वयाची होती. तिनं दोन्ही तळवे बराच वेळ पाहिले, मग सुई घेतली.

"आजी, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मालसुननं डोळे गच्च मिटले आणि माझा हात धरला. डॉक्टरनं टाचेला टोचलं, चवड्याला टोचलं, मग एकेका बोटाला. करंगळीवर रक्ताचा थेंब आला. मालसुन तशीच, ओठ दाबून, वाट बघत बसली होती.

"टोचा की बाई," ती म्हणाली. "घाबरता कशाला? मी नाही ओरडायची."

डॉक्टरनं सुई केव्हाच खाली ठेवली होती.