हशाखालचं वाक्य

कलेला प्रांत नसतो, भाषा नसते, सीमा नसतात. समुद्रापासून चालत चार मिनिटांवर असलेल्या एका सभागृहात, माझ्या खांद्यावर शाल घालता घालता एका ज्येष्ठ अभिनेत्यानं हे सांगितलं. त्याआधी निवेदिकेनं माझी ओळख करून दिली होती, "विदर्भाच्या मातीतून आलेल्या आपल्या ताई." मी छत्रपती संभाजीनगरची. पण सीमाच नाहीत म्हटल्यावर तक्रार कुणाकडे करणार.

मग पुरस्काराचं नाव वाचलं गेलं. उत्कृष्ट विनोदी लघुपट.

टाळ्या पडल्या. माझ्या लघुपटात माझा भाऊ मरतो.

मी लग्नांचे व्हिडिओ एडिट करते. टी.व्ही. सेंटरजवळ एका गाळ्यात माझा कॉम्प्युटर आहे. दिवसभर दुसऱ्यांचे आनंद कापायचे आणि जोडायचे, हा धंदा. उरलेल्या वेळात ग्रंथालयातली पुस्तकं वाचायची, हे व्यसन. लघुपट या दोन्हींच्या मधल्या फटीतून झाला. खर्च नव्हताच. कॅमेरा धंद्याचा, घर आमचं आणि माणूस एकच. माझी माय.

माय चुलीपुढं बसून गोष्ट सांगते, एवढाच लघुपट आहे. अठरा मिनिटांचा.

गोष्ट अशी. माझा भाऊ चार वर्षांचा होता. मी तेव्हा मायच्या पोटात. भावाला ताप चढला, झटके यायला लागले. माय त्याला घेऊन पाचोडला आली. शहरातल्या दवाखान्यात न्यायचं होतं. बाजाराचा दिवस होता. जीप उभी होती, पण जीप भरल्याशिवाय निघत नाही. ड्रायव्हर म्हणाला, "दोन शीट कमी हायेत बाई. भरली की निघू." मायनं पोरगं जीपमधल्या एका अनोळखी बाईच्या मांडीवर दिलं, खाली उतरली आणि स्वतःच गिऱ्हाईक बोलवायला लागली.

हे सांगताना माय नुसतं सांगत नाही. तोंडाला हात लावून ओरडते. "चला औरंगाबाद, औरंगाबाद. दोन शीट, दोन शीट." मग एका कांदेवाल्याला हाक मारते. "ओ मामा, चला की. कांदे काय पळून चाललेत व्हय?"

मग हात खाली घेते. आवाजही. आणि म्हणते, "दोन शीट भरले. तवर ह्यो गार पडला व्हता."

एवढंच वाक्य. चार सेकंदांचं. पुढची चार मिनिटं ती काही बोलत नाही, भाकरी थापते.

सभागृहात कांद्यावर हशा पिकला. हशा आधीच सुरू झाला होता म्हणा. मायनं पहिल्यांदा 'लई' म्हटलं तेव्हाच मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं. सिनेमात आणि मालिकांत अशी बोलणारी बाई आली की ती मोलकरीण असते किंवा गंमत असते, हे लोकांना पाठ आहे. 'व्हय'वर आणखी काही जण हसले. ओरडायला लागली तेव्हा निम्मं सभागृह. कांद्यावर सगळं.

धंद्याच्या सवयीनं मी सेकंद मोजते. हशा अकरा सेकंद टिकला. चार सेकंदांचं वाक्य त्याच्या पोटात गेलं. नंतर पडद्यावर एक बाई भाकरी थापत होती आणि लोक डोळे पुसत होते. हसून पाणी आलेले.

एक गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्या अकरातले पहिले दोन सेकंद मला बरं वाटलं. लोकांपर्यंत पोचलं, असं वाटलं. मी अंधारात बसून हसले. भावाच्या मरणावर पहिल्यांदा हसणाऱ्यांत मीही होते.

मध्यंतरात चहा होता. परीक्षकांपैकी एक सर जवळ आले. साहित्यावर बोलतात, गळ्यात उपरणं, नाव मोठं.

"काय टायमिंग आहे हो तुमच्या बाईचं," ते म्हणाले. "शिकवून येत नाही हे. कुठं सापडली?"

"घरी," मी म्हणाले.

त्यांना तोही विनोद वाटला. ते हसले आणि मला एक शंकरपाळी दिली.

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी बसनं सतरा तास प्रवास करून आले होते. कुणालाच ओळखत नव्हते. सगळे एकमेकांना नावानं हाका मारत होते आणि मी शंकरपाळी धरून उभी होते. ती टाकायची कुठं हे कळेना, म्हणून खाल्ली.

मनात एक हिशेब चालू होता. महिनाभरापूर्वी आयोजकांचा मेल आला होता : 'भाषा थोडी ग्रामीण असल्याने प्रमाण मराठीत सबटायटल्स द्यावीत.' मी उत्तर दिलं होतं, 'मराठी चित्रपटाला मराठी सबटायटल्स लावणार नाही.' फार बाणेदार उत्तर. पाठवल्यावर मीच तीनदा वाचलं. आता वाटत होतं, लावली असती तर ते वाक्य निदान वाचलं तरी गेलं असतं. मग वाटलं, नाही. आदल्या संध्याकाळी याच सभागृहात मालवणी नाटक झालं. मला निम्मं कळलं नाही. पण त्यात एक म्हातारा मुलाची वाट बघत बसतो तेव्हा मी हसले नव्हते. न कळणं आणि हसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कळलं नाही की माणूस गप्प बसतो. हसतो तेव्हा त्याला काहीतरी कळल्यासारखं वाटलेलं असतं.

तर मंचावर. शाल खांद्यावर, नारळ हातात. पुरस्कार म्हणून लाकडी गलबत पुढं आलं. निवेदिकेनं मानपत्रातली ओळ वाचली : 'ग्रामीण बोलीतील निखळ विनोदासाठी.'

मी माइक मागितला. म्हणाले, "मला हे घेता येणार नाही."

"बघा, किती हा विनय," निवेदिका म्हणाली. लोकांनी परत टाळ्या वाजवल्या.

नकारसुद्धा दोनदा द्यावा लागतो, हे मी तिथं शिकले. पहिला नकार आपल्यासारख्यांचा धरतच नाहीत. त्यांच्या हिशेबात आपण फक्त संकोचू शकतो.

मी शाल काढली. घडी घातली, कारण हातांना काहीतरी काम हवं होतं. म्हणाले, "ती बाई माझी माय आहे. तिचं पोरगं मेलं, त्याची ती गोष्ट आहे. तुम्ही हसत होतात, तेवढ्यात मेलं. ते वाक्य कुणी ऐकलं नाही. तेवढं चार सेकंद परत लावा. मग मी जाते."

वर प्रोजेक्टरच्या खोलीतल्या माणसानं खाली बघितलं. अध्यक्षांकडे. सगळे अध्यक्षांकडेच बघत होते. अध्यक्ष घड्याळाकडे.

"ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो," अध्यक्ष म्हणाले. "पण वेळेचं बंधन आहे. पुढं दशावतार आहे, मंडळी रंगून बसली आहेत."

खरंच बसली होती. पडद्याच्या फटीतून मला मुकुट दिसत होता.

चार सेकंद. ते मागायला मला मिनिट लागलं, नाकारायला त्यांना अर्धं. एवढ्यात वीस-बावीस वेळा वाजलं असतं. मी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर आणि पायऱ्या उतरले. गलबत त्या अभिनेत्याच्या हातात राहिलं. ते कुणाला द्यावं हे त्याला कळत नव्हतं.

मागच्या अंगणात स्वयंपाक चालला होता. पाहुण्यांसाठी सोलकढी ढवळणाऱ्या एका बाईनं मला हटकलं. तिनं दाराशी उभं राहून लघुपट बघितला होता म्हणे.

"तिचो झील गेलो मां?" तिनं विचारलं. "गाडी सुटूच्या आदी?"

झील म्हणजे मुलगा, एवढं आदल्या संध्याकाळच्या नाटकातून कळलं होतं. मी मान हलवली. ती ढवळत राहिली. तिला तिचं काम होतं, मला बस पकडायची होती.

परतीच्या बसमध्ये झोप नव्हती. मी मलाच तपासत बसले. लग्नाच्या व्हिडिओत पाठवणी असते. नवरी रडते, तिची आई रडते. घरच्यांची सूचना ठरलेली : रडणं कमी करा, त्यावर एखादं गाणं टाका. मी टाकते. गेली नऊ वर्षं टाकते. मूळ आवाज बंद, वर सनई. किती आयांनी पाठवणीच्या वेळी काहीतरी म्हटलं असेल. मुलीच्या कानात, शेवटचं. ते मीच पुसलं आणि लोकांनी शाबासकी दिली. त्या सभागृहातले लोक तर फक्त हसले होते. मी रीतसर, माउसनं, ट्रॅक निवडून हे काम करत आले होते.

घरी आले तेव्हा माय दारात शेंगा फोडत होती.

"काय म्हनले लोक?"

खोटं बोलायचं ठरवून आले होते. नाही बोलले. "हसले," मी म्हणाले.

"कुठं?"

"कांद्यावर."

मायनं विचार केला. "कांद्यावर हसतेल. म्या बी हसले असते." दोन शेंगा फोडल्या. "पन मग गप बसले का नाय?"

"नाय."

"तू काय केलं मग?"

"शाल ठेवून आले."

"लई उशिरा उठलीस बाई," ती म्हणाली आणि सूप माझ्याकडे सरकवलं. निम्म्या शेंगा मी फोडल्या.

तिचं बरोबर होतं. मी टाळ्यांनंतर उठले. हशाच्या वेळी उठायला हवं होतं.

आता ठरलं आहे. हा लघुपट कुठल्याही महोत्सवाला जाणार नाही. तो मी पाठवत नाही, घेऊन जाते. लॅपटॉप माझा, बोट माझं. कांद्यावर लोक हसले की मी चित्र थांबवते. दिवा लावायला सांगते. शेवटचा माणूस हसायचा थांबेपर्यंत उभी राहते. वाईट वाटू देते. लोकांना आणि मलाही. मग ते वाक्य लावते. सबटायटल्स नाहीत. मायचं बोलणं सोपं करून सांगायला ती काही अवघड बोलत नाही. आणि पाठवणीतलं रडणं मी आता पुसत नाही. नऊ वर्षं पुसलं, बास. गाणं हवं असेल त्यांनी दुसरा गाळा बघावा.

पहिला खेळ आमच्याच जिल्ह्यात, लासूर स्टेशनला केला, मार्केटजवळच्या एका हॉलमध्ये. नऊ जण आले. कुणीही हसलं नाही. त्यातले दोघं पंख्याखाली झोपले होते.