काकीच्या तिसऱ्या आणि साहेबांची बाटली

खाडीचं पाणी कसं आहे हे सरकारला बाटली सांगते. आमच्या काकीला तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या चिखलातले शिंपले, सांगायच्या. दोघांत शहाणं कोण, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण मी मालवणच्या कचेरीत नवा कारकून होतो, आणि नव्या कारकुनाने शहाणपण घरी खुंटीला टांगून यायचं असतं.

साठ सालानंतरची गोष्ट. गावातल्या एका बड्या असामीने खाडीच्या वळणावर खड्डे खणून काथ्यासाठी नारळाची सोडणं कुजत घातली. गावाला रोजगार मिळणार म्हणून कचेरीत आम्ही पेढेसुद्धा खाल्ले. त्याच वळणावर माझी विधवा काकी ओहोटीला चिखलात बसून तिसऱ्या काढायची आणि बाजारात विकायची. तिची चूल त्यावरच पेटायची.

दोन महिन्यांत ती म्हणाली, "पाणी मेला. तिसऱ्यो तोंडा उघडून पडल्यो, कुर्ल्यो दगडार चढून बसल्यो." जिवंत तिसरी बोट लागताच मिटते, ह्या मिटत नव्हत्या, आणि खेकडेही पाण्यात थांबत नव्हते. सोडणांचे खड्डे तिथून हलवा, एवढंच तिचं मागणं. अर्ज मीच लिहून दिला.

तपासणीला घाटावरचे साहेब आले ते ऐन भरतीला, कारण त्यांना होडीतून फिरायचं होतं. काकीने ओहोटीला या म्हणून विनवलं, "सुकतीक येवा, सायबानू, मगे चिखल दिसात." साहेबांनी समुद्रातून नुकतंच आत शिरलेलं पाणी बाटलीत भरलं, उन्हात धरलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहे." काय ती पारख! भरतीला आमच्या बाजारातलं गटारही स्वच्छ दिसतं.

मग साहेबांना भूक लागली, आणि आम्हा मंडळींच्या अंगात पाहुणचार संचारला. तो एकदा संचारला की आम्हाला पुढचं-मागचं काही सुचत नाही. साहेब येणार म्हणून काकी पहाटेच डोंगर ओलांडून पलीकडच्या खाडीतल्या तिसऱ्या घेऊन आली होती. सढळ हाताने खोबरं घालून तिने सुकं केलं. साहेबांनी तीनदा मागून घेतलं. मी त्यांच्या शेजारच्या पानावर होतो.

अहवाल माझ्याच वळणदार अक्षरात वर गेला. त्यात होतं: पाणी स्वच्छ, तिसऱ्या मुबलक व रुचकर, सबब तक्रारीत तथ्य नाही.

खड्डे जिथल्या तिथे राहिले. मी काकीवरच चिडलो. म्हटलं, "त्यांका वळणावरच्यो मेलेल्यो तिसऱ्योच दाखवच्यो होत्यो गो."

ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. "दारात इल्ल्या माणसाच्या पानात कुजका वाढूचा? माझ्या हातान ता होवचा नाय. पण तू बाजूक जेवी होतंस. तिसऱ्यो खंयच्यो ता तुका म्हायत होता. तुझ्या तोंडाक काय झाला होता?"

मला लाज वाटली. त्यानंतर काकी रोज डोंगर ओलांडून पलीकडे जाऊ लागली, गुडघे धरेपर्यंत जात राहिली. मी त्याच साली नोकरीत कायम झालो.