बोटवाले सर

आमच्या मामांना घाईत बोललेलं खपत नसे. वाक्य अर्ध्यावर टाकून कुणी पुढे पळालं, की ते त्याला कान धरून परत आणत. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत त्यांनी उभा जन्म अरबी व्याकरण शिकवलं. विद्यार्थी त्यांना बोटवाले सर म्हणत.

मराठीत आपण 'ने', 'ला' लावतो, म्हणून कुणी कुणाला काय केलं ते कळतं. ग्रांथिक अरबीत ते काम बहुतेकदा शब्दाच्या शेवटचा छोटासा स्वर करतो. करणाऱ्याला 'उ', ज्याला केलं त्याला 'अ', आणि कुणाचं ते सांगायचं असेल तर 'इ'. हा स्वर सहसा लिहीतच नाहीत. वाचणाऱ्याने अर्थ ओळखून तो तोंडाने लावायचा. विद्यार्थी वाचू लागले की मामा गप्प बसून नुसतं बोट हलवत. 'उ'ला वर, 'अ'ला आडवं, 'इ'ला खाली. कुणी शेवट गिळून वेळ मारून नेऊ लागलं, तर बोट हवेतच थांबे.

"गिळू नका," ते म्हणत. "त्या बिचाऱ्याला सांगू दे, तो वाक्यात कोण लागतो ते."

मागच्या हिवाळ्यात मामांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा परत आली, पण शब्दांचे शेवट काही परत येईनात. एकदा खिडकीतून बघून ते म्हणाले, "शेजार... मांजर... चाव..."

"अहो, मांजर शेजाऱ्याला चावलं, की शेजारी मांजराला?" मामीने विचारलं.

मामाही हसले आणि मग भिंतीकडे तोंड करून बसले. मला मामीचा असा राग आला म्हणता! पण मी स्वयंपाकघरात गेले तर ती पदराने डोळे पुसत होती.

पुढे वर्ग चालवणाऱ्या बाईंचा निरोप आला. एक तास घेऊन बघा, जमलं तर वर्ग तुमचाच, नाहीतर दुसरे सर बघावे लागतील. मामा जायला तयार नव्हते. मामीने इस्त्रीचा सदरा पुढे धरला आणि हात खाली घेतलाच नाही.

जिना चढवायला मी सोबत गेले. "विद्यार्थ्यांनाच वाचू द्या," मी वाटेत सुचवलं, "डावं बोट आहे की." पण नवा उतारा आधी सरांनी वाचायचा, ही त्यांची रीत. ती मोडतील तर ते मामा कसले!

त्यांनी वाचायला घेतलं. पहिल्या शब्दाचा शेवट गळाला. दुसऱ्याचाही गळाला. बाई दारात उभ्या होत्या. मामांनी पुस्तक मिटायला घेतलं.

पुढच्या बाकावर एक नर्स होती, ड्यूटी संपवून आलेली. तिने बोट वर केलं. मला वाटलं, काही विचारायचं असेल. पण ती मामांकडे बघत तशीच बसून राहिली. मग तिच्या शेजारणीचं बोट वर गेलं, मागच्यांचंही गेलं. मामांनी पहिला शब्द पुन्हा उच्चारला. सगळी बोटं वरच होती. दुसरा उच्चारला. बोटं आडवी झाली.

एका निवृत्त पोस्टमनचं तेवढं खाली होतं. मामा थांबले. त्यांनी आपलं डावं बोट उचललं, आडवं धरलं आणि पोस्टमनचं बोट वळेपर्यंत तिसऱ्या शब्दाला हात लावला नाही.

बाईंनी दार हळूच ओढून घेतलं. दुसरे सर कधी आलेच नाहीत.