एक झाकण औषध

गालिचा धुवायच्या आधी मारोतीकाका त्याच्या एका कोपऱ्याला औषध लावून समोर मांडी घालून बसत. रंग उतरतो का, लोकर आखडते का, हे पाहायला त्यांना अर्धा तास लागे. तेवढ्यात आमच्या मंगल कार्यालयात एक लग्न लागून पहिली पंगत उठलेली असे. कोणी घाई केली तर म्हणत, "आधी एका मेंढराले पाजून पाहावं. सगळ्या कळपाले पाजल्यावर इचारून काय उपेग?"

काका गोरेगावकडचे, मेंढ्या राखणाऱ्या घरातले. वारंगा फाट्यावरच्या त्या कार्यालयाचे मालक बापूमामा, म्हणजे माझे सख्खे मामा. कुरुंद्याच्या हळदीच्या पैशावर मोठे झालेले गृहस्थ. मी बी.कॉम. होऊन घरी बसलो होतो, म्हणून त्यांनी मला मॅनेजर केलं. दोन हजार सालाच्या आसपास मामांनी नांदेडच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून गालिचे धुण्याचं यंत्र आणलं. ते गरम पाणी गालिच्यात फवारायचं आणि मळासकट परत ओढून घ्यायचं. मामांनी त्याला हार घातला, नारळ फोडला आणि वऱ्हाडाला दिसेल असं दारातच उभं केलं. त्याने गालिचे धुवावेत, ही कल्पना फक्त काकांची होती.

काकांना वाचता येत नव्हतं. नवी बाटली आली की ते माझ्यापुढे धरत. "बारीक अक्षर वाचा, मॅनेजर. मोठं अक्षर इकणाराचं, बारीक आपलं." मी मोठं अक्षर वाचून बाटली परत देई. मग ते टाकीत आधी पाणी भरत आणि मागून एक झाकण औषध मोजून टाकत. मामांना मात्र फेस लागे. "फेसच न्हाई, तर पाहुण्याला कळंल कसं की आपण धुतलं?" असं म्हणून एकदा त्यांनी स्वतः अर्धी बाटली ओतली. फेस मळक्या पाण्याच्या टाकीतून थेट मोटारीत गेला आणि यंत्र महिनाभर बंद पडलं. तो महिनाभर मामा काकांवर चिडून होते.

एका पुढाऱ्याच्या पुतण्याच्या लग्नाच्या आदल्या दिवशी स्टेजवरचा पांढरा लोकरी गालिचा हळदीने माखला. आमच्याकडे हळदीला कसली कमी! नवरदेवाला लावून उरलेली त्याच्या मित्रांनी एकमेकांना फासली होती. काका थंड पाण्याने एकेक डाग टिपत बसले. "उद्या सकाळपोत होईन," म्हणाले. मला तेवढा धीर कुठला? मी त्यांना जेवायला पाठवलं आणि डागांवर धुण्याचा सोडा चोळला. पिवळे डाग लालभडक झाले. हळदीचे डाग लागलेलं लुगडं साबणाने धुणाऱ्या कोणत्याही बाईने मला हे आधीच सांगितलं असतं. मामा आले, पाहून हादरले. "कसंबी कर, पण पांढरं कर," एवढं बोलून ते मांडववाल्याला झापायला गेले.

मी यंत्राच्या गरम पाण्यात ब्लीचची बाटली रिकामी केली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून संडास धुण्याचं ॲसिडही ओतलं. धूळ नको म्हणून हॉलची दारं-खिडक्या मीच लावून घेतली होती. टाकीतून उग्र वाफ उठली, डोळे जळू लागले, श्वास आत जाईना. मी स्टेजवरच कोसळलो. तेवढ्यात दार धाडकन उघडलं. तोंडाला ओलं उपरणं गुंडाळलेल्या काकांनी मला काखेत धरून अंगणापर्यंत ओढत नेलं. आत शिरणाऱ्या वाढप्यांवर ते ओरडले, "कोणी जाऊ नका! हवा लागू द्या आधी!" त्यांचाही घसा त्या दिवशी कायमचा बसला.

"हे ओतलं कुणी?" मामांनी विचारलं. मी खोकत होतो. खोकला थांबल्यावरही खोकत राहिलो.

"मिसिन माह्या हवाली हाये," काका म्हणाले. मामांनी त्यांना तिथल्या तिथे कामावरून काढलं. दुसऱ्या दिवशी पुढारी तीन तास उशिरा आले, बुटांसकट पाच मिनिटं स्टेजवर उभे राहिले आणि गेले. गालिच्यावर भाड्याच्या चटया अंथरल्या होत्या. त्यांनी खाली पाहिलंसुद्धा नाही.

यंत्र माझ्याकडे आलं. मग मी ब्लीचच्या बाटलीवरचं बारीक अक्षर पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्या कशातही मिसळू नये, असं तिथे स्पष्ट छापलेलं होतं. मला स्वतःची इतकी लाज वाटली की गोरेगावची जीप पकडायला वर्ष लागलं.

काका नाकाला फडकं बांधून पिपात मेंढ्यांच्या गोचिडांचं औषध कालवत होते.

"काका, ते मी ओतलं होतं."

"ठावं हाये मले. तुमच्या हाताले वास येऊन राहिला होता."

"मग बोलला काहून नाहीत?"

"तुमचा जीव वर येऊन राहिला होता. तवा काय पंचायत बसवावी?" त्यांचा आवाज कुजबुजल्यासारखा येत होता. "पण मालकाले सांगाचं राह्यलं तुमचं."

मी तसाच फाट्यावर आलो आणि मामांना सगळं सांगितलं. ते शांतपणे चहा पीत राहिले.

"मला तवाच कळलं होतं," ते म्हणाले. "पण भाच्याला काढून बहिणीला काय तोंड दाखवू?"

"उद्यापासून मी येत नाही, मामा."

तेव्हा कुठे मामांचा चेहरा पडला. "आरं," ते म्हणाले, "मग मिसिन कोण चालवंल?"