न्हावऱ्यात, गुरुवारी, बिनतिखटाची चिलापी

मासा ओव्हनमध्ये भाजायचा आणि त्याला तिखटाचा कणही लावायचा नाही, एवढ्या साध्या गोष्टीसाठी मला पुण्याहून न्हावऱ्याला जावं लागलं आणि अख्खा दिवस भांडावं लागलं. घरात आजारी माणूस असलेल्यांनी हे वाचावं. नुसती हौस असलेल्यांनीही वाचावं, आणि निदान वार बघून निघावं.

न्हावऱ्याला माझा थोरला भाऊ राहतो. दादाच्या तोंडाला रेडिएशनचे शेक दिले, तेव्हापासून तिखट लागलं की डोळ्यांतून पाणी येतं. चव तर कशालाच नाही. पेज आणि दूध, दूध आणि पेज. डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं होतं, तोंडाने नीट खाल्लं नाही तर नाकातून नळी. दादा म्हणाला, नळी घालू देणार नाही. मग वहिनीचा फोन आला. "मासा खाईन म्हणत्यात. पर बिनतिखटाचा मासा कोण करणार, वन्सं?"

मी म्हणाले, मी.

सकाळच्या डेमू गाडीने दौंड गाठलं. पुण्यात चहाला लागतात तेवढेही पैसे या तिकिटाला लागत नाहीत, पण मांडीवर ओव्हनचं खोकं घेऊन बसायचं असेल तर लवकर जागा धरा. शेजारी बसलेले गृहस्थ केडगावपर्यंत गप्प होते. मग राहवलं नाही.

"ताई, टीव्ही का?"

"ओव्हन. मासा भाजायला."

"आन् तवा मोडला व्हय?"

दौंडच्या बाजारात भीमेची चिलापी मिळाली. ताजी, पांढऱ्या मांसाची, काटे मोजके. कोळीणबाई मला बघून आनंदल्या, कारण दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. का नव्हतं, हे मला कळायला हवं होतं. भाजी मात्र झकास. उन्हाळा तोंडावर आला तरी कांद्याची पात कोवळी होती, ओला लसूण, बोटभर गाजरं, शेवटचा मटार आणि दोन जुड्या शेपू. शेपूला नाक मुरडणाऱ्यांनी तो एकदा माशाच्या पोटात भरून बघावा. मग माझ्याशी वाद घालावा.

दौंडहून पाटस, चौफुला आणि तिथून न्हावरे. एसटीची वाट बघण्यापेक्षा जीप बरी. उसाच्या ट्रॉल्यांमागे जीप रांगते, पारगावच्या पुलावर तर उभीच राहते. मांडीवर मासा वितळत्या बर्फात, आणि पुढचा ट्रॅक्टरवाला मोठमोठ्याने गाणी लावून निवांत. मी खाली उतरून त्याला रस्त्यावरच्या सार्वजनिक हक्काबद्दल चार वाक्यं सुनावली. त्याने गाण्याचा आवाज वाढवला.

दारात वहिनीने खोकं बघितलं, थर्माकोलचा डबा बघितला आणि पदर नाकाला लावला.

"वन्सं, आज गुरुवार हाय."

"वहिनी, दादाच्या पोटाला वार कळतो का?"

"त्यास्नी न्हाई कळत. माझ्या देव्हाऱ्याला कळतो. घरात न्हाई आणायचा. अंगणात करा काय ते."

आमच्याकडे मटण-मासळी अंगणातल्या तीन दगडांच्या चुलीवर शिजते, भांडी वेगळी, रोजचं स्वयंपाकघर वेगळं. ठीक. पण ओव्हनला पिन असते आणि अंगणातल्या चुलीला प्लग नसतो! शेवटी गोठ्यात, दूध काढायच्या मशीनचा प्लग सापडला. दोन जर्सी गायींच्या मधोमध मी ओव्हन मांडला. माशाचं पोट साफ केलं, पोटात शेपू, पुदिना आणि ओला लसूण भरला. तोंडाला झोंबू नये म्हणून लिंबू वगळलं, मीठही चिमूटभरच. खाली पात, गाजर, मटार, वरून तूप. ओव्हन तापला. लाल दिवा लागला. लाइट गेली.

"संध्याकाळी येईल," वहिनी म्हणाली. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "बेकरीत न्या. दिवाळीला सगळ्या बाया नानकटाई घेऊन जात्यात की त्यांच्या भट्टीवर."

बेकरीवाले मामा आधी नाहीच म्हणाले. पावाला वास लागेल. मी दादाचं नाव घेतलं, तेव्हा विरघळले. "पाव निघाला की टाकतो. ट्रेवर झाकण घाला तेवढं."

ट्रे त्यांच्या हवाली केला आणि मी बाहेर बाकावर टेकले. तिथे पाव न्यायला आलेल्या एकाने विचारलं, "गुरुवारी मासा, ताई?"

आता हा प्रश्न मला विचारावा का? मी उठून उभी राहिले. कोणाच्या ताटात काय असावं हे वारावर ठरवणाऱ्या समाजाला भुकेचा अर्थ कळलेला नाही, इथून मी सुरुवात केली. माणसं जमली, माना डोलवल्या. माझा आवाज चढत गेला. आणि त्या सगळ्या वेळात आत भट्टीपाशी मी नव्हते.

मामांनी झाकण उघडलं. मासा लालभडक.

"मामा, हे काय?"

"घरचा कांदा-लसूण मसाला. अवो, निस्तं पांढरं पांढरं दिसत होतं, मढ्यावानी. आमच्या दोस्ताला असलं कसं द्यायचं? चांगला चोळलाय!"

पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. मी ट्रे उचलला आणि घरची वाट धरली.

घरी पोचले तेव्हा दादा ओसरीवर वाट बघत बसला होता, गळ्याला टॉवेल बांधून. त्याने ट्रेकडे बघितलं आणि तोंड फिरवलं. मी भाषणातल्यासारखे हात हलवत मामांना, गुरुवारला, वीज कंपनीला बोल लावत राहिले. वहिनीने पदर खोचला. लग्न होऊन आली तेव्हापासून तिने मासळीला हात लावलेला नव्हता. ती अंगणात दगडावर बसली आणि नखाने चिलापीची कातडी उचलली. कातडी जाड असते, एका ओढीत मसाल्यासकट निघून आली. खालचं मांस पांढरंशुभ्र, शेपूच्या वासाचं. तिने एकेक काटा काढला आणि घास वाटीत ठेवला. तोंड बाजूला वळवून.

दादाने घास जिभेवर ठेवला. घोळवला. गिळला. डोळ्यांत पाणी नाही. दुसरा घेतला. मग कपाळाला आठी.

"मीठ कमी हाय."

मी भडकले. एवढा प्रवास, एवढी यातायात, आणि हा मिठाची खोड काढतोय! वहिनीचा हात मात्र वाटीतच थांबला. किती महिन्यांत त्याला कशात काय कमी आहे हे कळलं नव्हतं. "आणते," म्हणाली, आणि तशाच मासळीच्या हातांनी, गुरुवारी, स्वयंपाकघरात गेली. मीठ घेऊन आली. दादाने वाटी संपवली.

पुण्यात परतल्यावरही माझा राग गेलेला नाही. पांढरं अन्न म्हणजे मढ्याचं, ही समजूत मोडायला मी पुढचं वर्षभर व्याख्यानं देईन. परवा फोन केला. वहिनीने उचलला, तसाच बाजूला ठेवला आणि विसरून गेली. पलीकडे दादाचा आवाज, "मासा भाजलाय का कोळसा केलाय?" मग तिचा, "मग उद्या तुमी भाजा!" दोघं कडाकडा भांडत होती. मी बराच वेळ फोन कानाला धरून बसले.