तळ्याचा अर्ज

नगरपालिकेत सगळे तिला छाननीबाई म्हणत, आधी पाठीमागे आणि आताशा तोंडावरही. अंदाजपत्रकाच्या दिवसांत वाचनालयापासून वृद्धांच्या विरंगुळा केंद्रापर्यंत सगळ्या संस्थांचे मागणी-अर्ज तिच्या टेबलावर येत, आणि एकोणीस वर्षांत तिनं एकाही अर्जावर विश्वास ठेवला नव्हता. नवरा म्हणे, “मी वेळेवर घरी आलो तरी हिला वाटतं, काहीतरी लपवतोय.”

रीत ठरलेली होती. समिती प्रत्येक मागणी निम्मी करायची, म्हणून संस्था दुप्पट मागायच्या. ठाऊक सगळ्यांना, बोलायचं कुणी नाही.

यंदा तळं संवर्धन मंडळानं मात्र गेल्या वर्षीच्या निम्मंच मागितलं. दोन राखणदारांचा पगार, जाळी, रोपं, बस्स. छाननीबाईंच्या कपाळाला आठी पडली. इतकं कमी मागणारा दुसरीकडून नक्की काहीतरी ओढत असणार.

शनिवारी ती न कळवता तळ्यावर थडकली. मंडळाचे नवे चिटणीस, एक निवृत्त मास्तर, गुडघाभर चिखलात उभे राहून जलपर्णी उपसत होते. राखणदार खरोखरच दोन. तिनं रोपं मोजली, जाळी ओढून पाहिली, शेडमधली रिकामी पिंपंसुद्धा उघडली.

“सापडलं का काही?” मास्तरांनी विचारलं.

“नाही ना, तेच खटकतंय. एवढंच का मागितलंत?”

“एवढंच लागतं म्हणून.”

“अहो मास्तर, यातलंही अर्धं कापतील! एक राखणदार घरी बसेल.”

“मग काय खोटं लिहू?”

हे ऐकून धाकट्या राखणदाराच्या हातातली जलपर्णीची पाटी तशीच अधांतरी राहिली. अर्ज बदलायची मुदत कालच संपली होती.

सोमवारी छाननीबाईंनी अर्जावर शेरा मारला, ‘प्रत्यक्ष पाहिले. मागणी खरी आहे. कपात करू नये.’

समितीच्या बैठकीत सभापतींनी तो वाचून चष्मा कपाळावर चढवला. “बाई, हे मास्तर तुमचे कोण लागतात?”

“कुणी नाही.”

“मग एवढा पुळका?”

कुणीतरी फिदकन हसलं. तिची कानशिलं तापली. “चला, आत्ता तळ्यावर जाऊ. तुम्हीच बघा.”

चिखलात उतरायला कुणी तयार होईना. मागणी पूर्ण मंजूर झाली, दोन्ही राखणदार राहिले.

आठवड्याभरात तिच्या टेबलाशेजारी एक नवा कारकून खुर्ची टाकून बसला. “सभापतींनी पाठवलंय, मॅडम. तुमच्या मदतीला.”

“बसा हं,” ती गोड हसून म्हणाली, आणि त्याला चहा विचारायच्या आधी तिनं कपाटाला कुलूप घातलं.