सोवळं सोडायची वेळ

उज्जैनच्या माईंचा डॉक्टर लोकांवर विश्वास कधी नव्हताच, आणि देवास गेटच्या त्या नव्या डॉक्टरवर तर मुळीच नव्हता. ग्वाल्हेरचं राज्य गेलं, मध्यभारत आला, आता तोही मोडून राजधानी भोपाळला गेली. माईंच्या सोवळ्यात मात्र तसूभर फरक पडला नाही. पहाटे आंघोळ झाली की घरची जेवणं उरकेपर्यंत त्यांना शिवायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सून विजया त्यांच्याच हाताखाली तयार झाली आणि गुरूपेक्षा शिष्य सवाई निघाली. माई चारचौघींत तिला मिरवत.

बाळंतपणानंतर विजयाच्या आंघोळी वाढल्या. घासलेली भांडी ती पुन्हा घासू लागली. हातांना भेगा पडल्या. तान्हा रडे, तरी त्याला उचलून घेईना. मुलगा यज्ञेश्वर कचेरीत कारकून; त्यानं माईंना न विचारता त्या डॉक्टरला घरी आणलं. "हा मनाचा आजार आहे," डॉक्टर म्हणाला, "इंदूरला दाखवा."

माईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मनाला काय नाडी असते? ना ताप, ना खोकला, आणि म्हणे बीमारी! उद्या म्हणेल माईपण पागल आहे!"

खरी भीती तीच होती. सुनेचं सोवळं रोग ठरलं, तर आपल्या जन्मभराच्या सोवळ्याचं काय? मग संशयाला पाय फुटले. यज्ञेश्वरची बदली भोपाळला व्हायची होती. सून नाटक करून राहिली असेल! आधी इंदूर, मग भोपाळ, आणि सासू इथे एकटी. इंदूरचं नाव काढायचं नाही, असं त्यांनी मुलाला बजावलं आणि सुनेवर पाळत ठेवली. ढोंगी माणूस एकटं असलं की सैल पडतं, हा त्यांचा अनुभव.

एका दुपारी जेवणं उरकली. माईंनी सोवळं सोडलं, साधं लुगडं नेसल्या आणि झोपल्याचं सोंग घेऊन दाराच्या फटीतून पाहत राहिल्या. पाळण्यात बाळ किंचाळत होतं. विजया धावत आली, हात पुढे केले, मागे घेतले, मोरीवर जाऊन धुतले. पुन्हा आली. पुन्हा गेली. चोळी दुधानं भिजली होती आणि मोरीतल्या पाण्यात रक्त उतरलं होतं.

माई उठून बसल्या. सोवळ्याला सुटका असते. जेवणं झाली की सोडायचं, पाय पसरायचे, नातवाला मांडीवर घ्यायचं. ही कधी सोडत होती?

त्या बाहेर आल्या. "विजया, पुरे. मी सांगते ना, तू शुद्ध आहेस." या घरात त्यांच्या शब्दावर अपील नव्हतं.

"मला कळतं हो माई," विजया रडत म्हणाली, "पण हात ऐकत नाहीत." आणि ती पुन्हा मोरीकडे वळली. बाळाला छातीशी धरून माईही रडल्या.

दुसऱ्या दिवशी इंदूरच्या पहिल्या बसमध्ये माई मुलगा, सून आणि नातवाला घेऊन बसल्या. आंघोळ राहिली होती, कुणाकुणाचे खांदे लागत होते. डॉक्टरवर अजूनही विश्वास नव्हता. विजया हात सोडवायला धडपडत होती; माई सोडत नव्हत्या.